किमान भाव, कमाल भाव

मुंबईहून नागपूरकडे जाणारी गाडी भुसावळ सोडून थोडी पुढे आली, की खिडकीबाहेरच्या जमिनीचा रंग काळाभोर होतो आणि गाडीतल्या बोलण्याचा सूर बदलतो. ‘मला’चे ‘मले’ होते, ‘कशाला’चे ‘काहून’ होते. मलकापूर आले असे समजावे. वऱ्हाडचे हे पश्चिम दार आणि बुलढाणा जिल्ह्याचे पहिले मोठे स्टेशन.

या जिल्ह्याचे गंमतीदार वैशिष्ट्य म्हणजे तो दोन मजली आहे. खालच्या मजल्यावर पूर्णा नदीचे सपाट खोरे. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव, जळगाव जामोद ही गावे तिथली. वरच्या मजल्यावर अजिंठ्याच्या डोंगररांगेचे पठार. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा ही गावे तिथली. दोन्ही मिळून तालुके तेरा. माणूस कुठला हे विचारायचे झाले तर लोक तालुका पुढे विचारतात, आधी विचारतात, “घाटावरचे का घाटाखालचे?” घाटाखाली कपाशी, घाटावर सोयाबीन, अशी ढोबळ वाटणी.

माझी ताई घाटावरची. चिखली तालुक्यात तिच्या सासरची शेती आहे आणि बिऱ्हाड बुलढाण्याला. २०२५ चा दसरा झाला आणि तिचा फोन आला, “मंगलचं लग्न ठरलं. चांदी घ्यायची आहे. तुम्ही दोघं या. भाऊजींना बाजारातलं कळतं.” हे ‘भाऊजी’ म्हणजे आमचे हे. चाळीस वर्षे हिशेबतपासनीस म्हणून नोकरी केल्यामुळे यांना कोणतीही पावती मागून पुढे वाचायची सवय आहे. नाटकाच्या तिकिटावरचा बारीक मजकूरही हे वाचतात. आम्ही निघालो.

मलकापूरहून मोताळ्यावरून राजूर घाट चढताना पावसाने धुतलेली झाडी दोन्ही बाजूंना दिसते आणि वर आल्यावर हवा एकदम गार लागते. इंग्रज साहेबाने जिल्ह्याचे ठाणे इथे का नेले, हे सांगावे लागत नाही. ‘भिल्लठाणा’ या नावावरून बुलढाणा झाले असे म्हणतात.

ताईच्या घरी पोचलो तो ओटीवर वर्तमानपत्र उघडे पडलेले. पान भरून जाहिरात. जवळच्या एका मोठ्या शहरातल्या सराफी दालनाची. ‘घडणावळ संपूर्ण माफ! फक्त दिवाळीपर्यंत!’ आणि ‘माफ’ या शब्दाच्या डोक्यावर एक इवलीशी चांदणी.

ताईचे यजमान, म्हणजे आमचे दादासाहेब, म्हणाले, “आता याच्याहून सवस्त कुठं भेटनार हाये? उद्याच जाऊ.”

ताई म्हणाली, “चांदी घ्यायची ती खामगावलाच. आत्याबाईंपासून आपल्या घरची रीत आहे.”

“रीत पाहाले गेलो तर पैसा कुठून आनू?” दादासाहेब बोलून गेले आणि गप्प झाले. त्या गप्प होण्याचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी समजला.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे चिखलीला गेलो. त्या वर्षी सप्टेंबरात पावसाने कहर केला होता. शेतातल्या सोयाबीनच्या शेंगा ओल्या, काही काळवंडलेल्या. लग्नाच्या खर्चासाठी दादासाहेबांनी पहिल्या काढणीतला थोडा माल आधीच विकला होता. केंद्र सरकारने त्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर केला होता. दादासाहेबांच्या हाती पडलेला भाव त्याहून हजाराच्या वर खाली होता. सरकारी खरेदी अजून सुरू व्हायची होती, आणि लग्नाचा मांडव काही थांबत नाही.

यांनी विचारले, “हमीभाव म्हणजे किमान भाव ना? मग किमानच्या खाली कसा गेला?”

दादासाहेब हसले. “भाऊजी, तो किमान सरकारचा. व्यापाऱ्याले तो लागू नाही. अन् सरकारच्या किमानलेही अट हायेच. सोयाबीनमधी ओलावा बारा टक्क्यांच्या आत पायजे.”

घाटाखालच्या कापसाची तीच कथा. त्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० आणि लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये हमीभाव होता. पण तो पुरा मिळायचा तर ओलावा आठ टक्के. त्याच्या वर प्रत्येक टक्क्याला भाव कापायचा, आणि बाराच्या वर गेला तर माल घ्यायचाच नाही. म्हणजे जाहिरातीतल्या ‘माफ’वर जी चांदणी होती, तशीच एक न दिसणारी चांदणी शेतकऱ्याच्या हमीभावावरही आहे. फरक एवढाच, की शहरातल्या गिऱ्हाइकाला ती भिंग लावून का होईना वाचता येते.

बाजारात उभी असताना माझ्या मनात एक साधी गोष्ट आली. पिकवणाऱ्याच्या मालावर सरकार ‘किमान’ भाव लिहिते आणि त्याला त्याहून कमी मिळते. त्याच पिकवणाऱ्याच्या घरात येणाऱ्या साबणावर, बिस्किटावर, तेलाच्या पिशवीवर कारखानदार ‘कमाल’ किंमत छापतो आणि ती मात्र त्याला पुरी मोजावी लागते. एकाच घरात दोन शब्द, आणि दोन्ही उलटे चालतात.

ही ‘कमाल किरकोळ किंमत’ आपण सगळे रोज वाचतो, पण ती काय आहे याचा विचार फारसा करीत नाही. पूर्वी कित्येक पुड्यांवर ‘किंमत अमुक, स्थानिक कर वेगळे’ असे लिहिलेले असे, आणि त्या ‘वेगळे’च्या नावाखाली दुकानदार मनाला येईल ते लावी. १९९० मध्ये नियम बदलला आणि सर्व करांसह एकच कमाल किंमत छापणे सक्तीचे झाले. गिऱ्हाइकाच्या रक्षणासाठी घातलेली ही मर्यादा. याहून जास्त घ्यायचे नाही, एवढाच तिचा अर्थ. पण किती छापायची हे ठरवणारा कारखानदारच. औषधांसारख्या काही वस्तू सोडल्या तर तो आकडा कुणी सरकारी अधिकारी तपासून मंजूर करीत नाही. तेव्हा ज्याला आठशेला विकायचे आहे त्याने दोन हजार छापावे आणि ‘साठ टक्के सूट’ म्हणून आठशेला द्यावे, यात अंकगणित अगदी बरोबर असते. फसवते ते अंकगणित नव्हे. फसवते ते दोन हजार. गिऱ्हाइकाच्या रक्षणाची भिंत दुकानदाराने फळा म्हणून वापरली, असे म्हणावे लागेल.

परतताना गावातल्या किराणा दुकानात थांबलो. कणग्यांच्या जागी आता बरण्या, आणि बरण्यांच्या वर लोंबणाऱ्या शांपूच्या पुड्यांच्या माळा. मंगलने एक अख्खी माळ घेतली. मी म्हटले, “अगं, मोठी बाटली घे, स्वस्त पडेल.” तिने आपला मोबाईल काढला, भागाकार केला आणि मला दाखवला. माळच स्वस्त पडत होती! मोठा पुडा तो स्वस्त, हा आपल्या आयांनी शिकवलेला नियम. पण कारखानदारानेही तो ऐकलेला आहे. रुपया-दोन रुपयांच्या गिऱ्हाइकासाठी स्पर्धा मोठी, म्हणून तिथे भाव घट्ट. बाटली घेणारा भागाकार करीत नाही, म्हणून तिथे भाव सैल. निदान त्या दिवशी त्या दुकानात तसे होते.

हा भागाकार सगळ्यांना जमावा म्हणून सरकारने २०२२ मध्ये एक चांगली गोष्ट केली. पुड्यावर किमतीबरोबर दर ग्रॅमचा किंवा दर किलोचा भावही छापायचा. पण त्याच वेळी चहा, बिस्किटे वगैरे ठराविक वजनांच्याच पुड्यांत विकण्याचे जुने बंधन उठले. म्हणून पाच रुपयांचा पुडा पाचच रुपयांचा राहतो आणि आतली बिस्किटे मात्र दर साली थोडी रोडावतात. शिवाय नियम असा, की किलोच्या आतल्या पुड्यावर ग्रॅमचा भाव आणि किलोच्या वरच्यावर किलोचा. नऊशे ग्रॅमची पिशवी आणि दोन किलोची पिशवी शेजारी ठेवली, की एकीवर पैसे दिसतात आणि दुसरीवर रुपये. एकीला हजाराने गुणल्याशिवाय तुलना होत नाही. तरी हा आकडा शोधावा. तो बारीक असतो, पण खरा असतो.

दुकानदार बिचारा सज्जन होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, टूथपेस्ट, शांपू, बिस्किटे यांवरचा वस्तू व सेवा कर अठरा टक्क्यांवरून पाच टक्के झाला होता. दुकानात जुन्या छापाचाही माल होता आणि नव्या छापाचाही. त्याने जुन्या किमतीच्या पुड्यांजवळ पुठ्ठ्यावर खडूने नवे भाव लिहून ठेवले होते. जाहिरात नव्हती, चांदणी नव्हती. “लोकं इचारतेतच, मंग आधीच लिवून ठेवलं,” तो म्हणाला.

त्याच्या गल्ल्याजवळ टांगलेला जुना तराजू पाहून दादासाहेबांनी वडिलांची आठवण सांगितली. त्यांच्या वडिलांनी शेर, पायली, मण, खंडी यांत सारी उमर काढली. १९५७ मध्ये नवे पैसे आले आणि १९५८ ते १९६२ या काळात ग्रॅम-किलोची वजने आली. म्हातारबाबा म्हणत, वजन बदललं तं बदललं, पन सवयीचं माप गेलं का पयले धा वर्स फायदा मापनाराचाच होते. आजच्या ‘एकशे सत्तर ग्रॅम’च्या पुड्यांना हे वाक्य तंतोतंत लागू पडते.

मग आला चांदीचा दिवस. यांनी तोड काढली, की आधी ते जाहिरातवाले दालन पाहायचे आणि मग खामगाव. पैसे मात्र दोन्ही पाहिल्याशिवाय सोडायचे नाहीत. दालन मोठे झकपक. दाराशी गुलाबपाणी, आत गार हवा, गादीची खुर्ची, थंड सरबत. तरुण विक्रेता गोड बोलणारा. पैंजणांचा जोड पसंत पडला. वजन शंभर ग्रॅम.

यांनी खिशातून कागद काढला आणि तीन प्रश्न विचारले. आजचा भाव काय? यात शुद्ध चांदी किती? आणि उद्या परत आणले तर काय द्याल?

पहिल्याचे उत्तर लगेच आले. दुसऱ्याला मुलगा जरा घुटमळला. आत जाऊन आला. तिसऱ्याला त्याने आणखी सरबत मागवले. पण अखेर उत्तरे मिळाली, आणि ती यांनी लिहून घेतली.

तिथून उतरून आम्ही घाटाखाली खामगावला आलो. खामगाव म्हणजे एके काळची कापसाची राजधानी. इथला कापूस मुंबईला लवकर पोचावा म्हणून जलंब स्टेशनपासून खामगावपर्यंत आठ मैलांचा खास फाटा टाकला गेला आणि १८७० मध्ये प्रत्यक्ष व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्यासाठी इथे आला होता. अमेरिकेतल्या यादवीने मँचेस्टरचा कापूस तुटला होता, त्या काळापासून साता समुद्रापलीकडचा भाव वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या चुलीपर्यंत पोचू लागला. पुढे कापसाबरोबर चांदीची पेठही नावारूपाला आली. खामगावला आज रजतनगरी म्हणतात. देवळांचे दरवाजे, देवांची सिंहासने, मखरे, मूर्ती अशी मोठमोठी कामे इथे होतात. चांगला कापूस विकून आलेला शेतकरी पैसा चांदीत ठेवी, आणि अडल्या वेळी तीच चांदी पेठेत परत आणी. परत येणाऱ्या चांदीनेच सराफाची परीक्षा होते. विकताना कोणीही गोड बोलेल. परत घेताना जो बोलल्याप्रमाणे वागेल तोच टिकतो.

आम्ही गेलो ते दुकान साधे. गादी, लोड, काचेचे कपाट. सराफ वयस्कर. यांनी प्रश्न विचारण्याआधीच त्यांनी पाटीवर तीन रकाने ओढले : शुद्धता, भाव, घडणावळ. “बाई, चांदीवर शिक्का पाहत जा,” ते ताईला म्हणाले, “हॉलमार्क. ९९९, ९२५, ८०० असे आकडे असतात. हजारात इतकी चांदी, एवढाच अर्थ. चांदीला ते अजून ऐच्छिक आहे, सक्ती नाही. म्हणून मागावं लागतं.”

वाचक भगिनींसाठी हिशेब सोप्या आकड्यांत मांडते. कर बाजूला ठेवू. समजा, शुद्ध चांदीचा भाव ग्रॅमला १५० रुपये आहे. त्या झकपक दालनात घडणावळ शून्य, पण भाव लावला ग्रॅमला १७८. शंभर ग्रॅमचे झाले १७,८००. चांदी मात्र हजारात ८००, म्हणजे जोडात शुद्ध चांदी ८० ग्रॅम, किंमत १२,०००. उरलेले ५,८०० कशाचे? जी माफ केली त्या घडणावळीचे! खामगावात घडणावळ रोख लावलेली, ग्रॅमला २० म्हणजे २,०००. चांदी हजारात ९२५, म्हणजे साडेब्याण्णव ग्रॅम, किंमत १३,८७५. एकूण १५,८७५. ज्याने काही माफ केले नाही त्याचा माल जवळजवळ दोन हजारांनी स्वस्त, आणि वर साडेबारा ग्रॅम चांदी जास्त.

दादासाहेब बराच वेळ पाटीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “म्हंजे माह्या सोयाबीनवर जशी ओलाव्याची कटती, तशी ही चांदीतली कटती.”

“हो,” सराफ म्हणाले. “फक्त तुमची कटती तुम्हाले सांगून होते.”

इथे हेही सांगायला हवे, की खामगावातला प्रत्येक दुकानदार संत आहे असे मुळीच नाही, आणि शहरातला प्रत्येक दालनवाला लबाड आहे असेही नाही. पेठेचे नाव ही हमी नव्हे. तीन रकाने मागणे ही हमी.

ताईची यादी मोठी होती. पैंजण, ताट-वाटी-पेला, निरांजन, करंडा, अत्तरदाणी-गुलाबदाणी. हाती असलेल्या पैशात सगळे बसत नव्हते. हलक्या चांदीत घेतले असते तर बसले असते, आणि मांडवात कुणाला कळलेही नसते. मंगलच पुढे झाली. “आई, अत्तरदाणी काढून टाक. चार तास मिरवायला मला नको. पैंजण आणि ताट चांगलं घे. उद्या अडचण आली तर उपयोगी पडेल.” ताईच्या डोळ्यांत पाणी आले. आईच्या डोळ्यांपुढे मांडव असतो. मुलीने मांडवाच्या पलीकडचे पाहिले. अत्तरदाणी यादीतून गेली.

खामगावहून शेगाव जवळच. गजानन महाराजांच्या समाधीचे दर्शन घेतल्याशिवाय परतणे शक्यच नव्हते. महाराज १८७८ मध्ये शेगावी प्रकट झाले आणि १९१० मध्ये त्यांनी समाधी घेतली. संस्थानची स्वच्छता, शिस्त आणि सेवेकऱ्यांचे ‘माउली’ म्हणून हाक मारणे सर्वांना ठाऊक आहे. महाप्रसादाला पैसे पडत नाहीत, आणि त्या ‘फुकट’वर कुठे चांदणीही नाही. बाहेरच्या रस्त्यावर मात्र एका दुकानाशी ‘चपला ठेवा, फुकट’ अशी पाटी होती. चपला ठेवल्या, की नारळ-प्रसादाची परडी हातात येते आणि तिचा भाव चपला परत घेताना समजतो. यांनी पाटी वाचली, परडीचा भाव आधी विचारला आणि चपला संस्थानच्या व्यवस्थेत ठेवल्या.

स्टेशनावर शेगावची कचोरी घेतली. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मांनी या स्टेशनावर ती सुरू केली आणि आज ती गावाची ओळख झाली आहे. ‘मूळ’, ‘जुनी’, ‘खरी’ अशा पाट्या पाहत आम्ही चालत होतो. खरेपणाची पाटी लावावी लागते, तिथे गर्दी पाहून निवड करावी हे उत्तम!

आपल्याकडे ही जागरूकता नवी नाही. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ मध्ये झाला, नवा कायदा २०१९ चा. २०२२ च्या जूनमध्ये जाहिरातींसाठी नियम आले. गिऱ्हाईक ओढण्यापुरते आमिष दाखवायचे आणि माल पुरेसा ठेवायचाच नाही, हे त्यांत बसत नाही. ज्यासाठी पैसे मोजावे लागतात त्याला ‘फुकट’ म्हणणेही बसत नाही. छापील किमतीपेक्षा जास्त घेणे तर गुन्हाच. लोणारच्या वाटेवर एका टपरीवाल्याने ‘गार करायचे’ म्हणून पाण्याच्या बाटलीवर पाच रुपये चढवले, तेव्हा यांनी शांतपणे बाटलीवरचा आकडा दाखवला आणि पाच रुपये परत आले. तक्रार करायची तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक आहे. तो लक्षात ठेवायला सोपा आहे.

पण कायदा गिऱ्हाइकाच्या बाजूने जितका उभा राहतो, तितका पिकवणाऱ्याच्या बाजूने राहत नाही, हे चिखलीच्या बाजारात पाहिलेले मनातून जात नाही. कमाल किमतीच्या वर एक रुपया घेतला तर दंड आहे. किमान भावाच्या खाली हजार रुपयांनी घेतले तर दंड नाही. आपण शहरातली माणसे स्वस्ताई मागतो, ती कुठून येते हे एकदा वऱ्हाडात येऊन पाहावे.

परत आल्यावर महिन्याभराने ताईचा फोन आला. दादासाहेबांनी उरलेले सोयाबीन घाईने विकले नव्हते. अंगणात, गच्चीवर, शेजाऱ्यांच्या ओट्यावर ताडपत्र्या टाकून घरातल्या सगळ्यांनी ते उन्हात वाळवले, रोज वर-खाली केले. नोव्हेंबरात सरकारी खरेदी सुरू झाल्यावर नंबर लागायला दिवस गेले. पण ओलावा बाराच्या आत भरला, आणि त्या मालाला पुरते ५,३२८ मिळाले.

“मग आता अत्तरदाणी घेणार का?” मी विचारले.

“छे!” ताई म्हणाली. “मंगल म्हणते, बियाण्याला ठेवा.”